पेट्रोलचा भाव आणि आपली चाल

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मेळाव्यात मास्तर बोलायला उभा राहिला की तो अभ्यास, शिस्त आणि चारित्र्य यांवर बोलणार, हे आपण सर्वांनी गृहीत धरलेले असते. आज मी पेट्रोल हा विषय घेतला आहे. हा विषय शाळेचा नव्हे, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी सकाळी साडेसहाला आपल्या मोहल्ल्याच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. मुलांना घेऊन निघालेले ऑटो, दूध घेऊन आलेला छोटा हत्ती, अपडाऊन करणारे मास्तर, मूर्तिजापूरकडे निघालेला कारागीर, सगळ्यांचा दिवस गाडीला किक मारण्यापासून सुरू होतो. शिवाय आपल्यापैकी कितीतरी घरांची चूलच गाडीवर पेटते. कोणी ऑटो चालवतो, कोणी ट्रकवर आहे, कोणाचे गॅरेज आहे, कोणी पंक्चर काढतो. इंधनाचा भाव हा ह्या घरांना वर्तमानपत्रातील बातमी म्हणून येत नाही. तो रात्रीच्या जेवणाच्या ताटात येतो.

भाव वाढला की माणसे गाडी कमी चालवतात काय, हा साधा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. त्याचे उत्तर मात्र साधे नाही.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'मागणीची लवचिकता' नावाचे एक प्रकरण असते. बारावीच्या मुलांनी ते पाठ केलेले असेल. टमाटे महागले तर आपण टमाटे कमी घेतो, चिंचेवर भागवतो. ही लवचिक मागणी. मीठ महागले तरी आपण भाजीत मीठ तेवढेच घालतो. पेट्रोल ह्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि गंमत अशी की ते काळाप्रमाणे जागा बदलते. आज भाव वाढला तर उद्या आपण फारसे काही बदलू शकत नाही, कारण घर जिथे आहे तिथेच आहे, नोकरी जिथे आहे तिथेच आहे आणि दारात उभी असलेली गाडीही तीच आहे. परंतु भाव चार-पाच वर्षे चढाच राहिला तर माणूस गाडी बदलतो, मुलाची शाळा जवळची पाहतो, चौघे मिळून एक गाडी करतात. म्हणजे सवय बदलते, पण ती सावकाश बदलते. आणि बदलते तेव्हा नेहमी चांगल्याच दिशेने बदलते असे नाही. आज मला मुख्यतः ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. 1973 च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला. पिंपामागे सुमारे 3 डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव 1974 च्या आरंभी 12 डॉलरच्या घरात गेला. आपल्याकडे पेट्रोल इतके कडाडले की त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. आपल्या वऱ्हाडात त्या काळी बैलगाडी हा निषेध नव्हता, ते रोजचे वाहन होते, हा भाग वेगळा! अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने 1974 च्या जानेवारीत कायदा करून महामार्गावरील वेग ताशी 55 मैलांवर, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरवर आणला, आणि हा कायदा 1995 पर्यंत टिकला. हॉलंडने 1973 च्या नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारीच बंद ठेवल्या. त्याच सुमारास तेथील आईबापांनी रस्त्यावर मरणाऱ्या मुलांसाठी चळवळ उभी केली होती. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि त्या देशाने सायकलीसाठी निराळे रस्ते बांधावयास घेतले. आज तेथील मुले सायकलीवरून शाळेत जातात. तेल महागले एवढ्यानेच हे झाले नाही. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा झाले.

आपल्याकडे त्या तेलटंचाईने काय केले? वाहनाची निवड बदलली. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची 50 सीसीची लुना 1972 साली आली होती. पुढच्या काही वर्षांत तिने मास्तर, कारकून आणि दवाखान्यातील परिचारिका ह्यांची घरे गाठली. 1979 साली इराणात क्रांती झाली आणि तेल पुन्हा भडकले. मग 1983 च्या डिसेंबरात मारुती आली, 1985 साली हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी 100 आली. जुन्या दोन स्ट्रोकच्या स्कूटरमध्ये पेट्रोलात ऑईल मिसळावे लागे आणि इंधनाचा बराच अंश न जळताच धुराबरोबर बाहेर जाई. चार स्ट्रोकच्या गाडीने ही उधळपट्टी थांबवली. तेव्हापासून आपल्याकडे गाडी पाहायला आलेला माणूस पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती देते?' हाच विचारतो. मुलगा पाहायला गेल्यावर पगार विचारावा, तसा.

भावावरून वाहनाची निवड कशी फिरते याचे अगदी अलीकडचे उदाहरण सांगतो. 2010 च्या जूनमध्ये सरकारने पेट्रोलच्या किमतीवरील आपले नियंत्रण काढून घेतले, पण डिझेलवरचे ठेवले. परिणामी 2012 च्या मे महिन्यात दिल्लीला पेट्रोल 73 रुपये आणि डिझेल 41 रुपये अशी स्थिती आली. लिटरमागे 32 रुपयांचा फरक! लोक डिझेल मोटारींवर तुटून पडले. ज्याला महिन्यातून दोनदा सासुरवाडीला जायचे, त्यानेही लाखभर जास्त मोजून डिझेलची गाडी घेतली. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलही मोकळे झाले, फरक आटत गेला, आणि 24 जून 2020 ह्या दिवशी दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल मोटारी करणेच सोडले होते. ज्यांनी केवळ भावाकडे पाहून गाडी घेतली, त्यांच्या दारात गाडी राहिली आणि भाव निघून गेला.

असो. आता आपल्या खिशाकडे येऊ.

16 जून 2017 पासून पेट्रोल-डिझेलचा भाव रोज सकाळी बदलता येईल अशी पद्धत देशभर सुरू झाली. पूर्वी भाव एकदम तीन-चार रुपयांनी वाढे, रात्री पंपावर रांगा लागत, दुसऱ्या दिवशी मोर्चा निघे. दररोज 20 पैसे, 30 पैसे वाढले तर मोर्चा कोण काढणार? 29 मे 2021 रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, आणि 2022 च्या एप्रिलमध्ये तेथे ते 120 रुपये 51 पैशांवर गेले. लक्षात घ्या, 2020 च्या एप्रिलमध्ये जगात तेल मातीमोल झाले होते. अमेरिकेत तर 20 एप्रिल रोजी वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला होता. आपल्याला मात्र पंपावर स्वस्ताई दिसली नाही, कारण त्या मार्च आणि मे महिन्यांत केंद्राने अबकारी कर मिळून पेट्रोलवर 13 रुपयांनी आणि डिझेलवर 16 रुपयांनी वाढवला. पुढे नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये तो दोन हप्त्यांत तितकाच कमी केला. राज्याचा व्हॅट वेगळा. म्हणजे पंपावरचा आकडा हा अरबस्तानात जितका ठरतो, तितकाच दिल्लीत आणि मुंबईतही ठरतो. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या वहीत लिहून ठेवावी.

राज्याराज्यांच्या कराचा फरक आपल्या ट्रकवाल्या भाईंना पुस्तकाविना पाठ असतो. आपल्या अमरावती-अकोल्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 पुढे धुळ्यावरून सुरतेला जातो. कापूस घेऊन निघालेला चालक महाराष्ट्रात टाकी भरत नाही. नवापूरची सीमा ओलांडेपर्यंत पुरेल एवढेच डिझेल ठेवतो आणि गुजरातेत शिरल्यावर टाकी भरतो. (नवापूरचे रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तेथील बाकड्यावर बसलेला माणूस एका राज्यात असतो आणि त्याची पिशवी दुसऱ्या!) हाच चालक परतीचे भाडे मिळाल्याशिवाय दोन-दोन दिवस गाडी हलवत नाही, कारण रिकामी गाडी आणली तर डिझेल त्याच्या अंगावर पडते. घरची माणसे वाट पाहत असतात, ईद जवळ आलेली असते, आणि हा सुरतेच्या ट्रान्सपोर्ट नगरात भाड्याची वाट पाहत चटईवर पडलेला असतो. भावाने चालकाची सवय बदलली म्हणजे काय झाले, याचे हे एक उत्तर आहे.

दुसरे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात आहे. आपण पंपावर जाऊन काय म्हणतो? 'दोन लिटर टाका' असे म्हणणारा आता विरळा. आपण म्हणतो, 'शंभरचं टाका.' हिशेब करून पाहा. जून 2010 मध्ये दिल्लीचा भाव 51 रुपये 43 पैसे होता. शंभर रुपयांत दोन लिटरला थोडे कमी पेट्रोल येई. मे 2022 मध्ये तेथेच 105 रुपये 41 पैसे होता. शंभर रुपयांत लिटरही भरेना. लिटरला 50 किलोमीटर देणारी मोटारसायकल धरली, तर पूर्वी शंभराच्या नोटेत 97 किलोमीटर जाता येई, नंतर 47. नोट तीच, तोंडातील शब्द तेच, म्हणून आपल्याला वाटते की आपला खर्च तेवढाच आहे. मग गाडी मंगळवारी रिझर्वला लागते, पूर्वी शुक्रवारी लागत असे. आपण पुन्हा 'शंभरचं टाका' म्हणतो, आणि महिन्याच्या शेवटी शिकवणीची फी द्यायला पैसे उरत नाहीत तेव्हा शिकवणी महाग झाली असे समजतो.

सबब पालकांना माझी विनंती आहे की रुपयांत नव्हे, लिटरांत मोजा. हिशेबाला सोपा जावा म्हणून लिटरला 100 रुपये धरले, तर 50 चे ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला 2 रुपये खाते. चौकात पान खायला दीड किलोमीटर जाऊन येणे म्हणजे 6 रुपये. पान निराळे.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग सुचवतो. वडिलांची गाडी घ्या, म्हणजे चालवायला नव्हे! एकदा टाकी फुल भरवा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल भरवा, किती लिटर लागले ते लिहा, आकड्यांची वजाबाकी करून भागाकार करा. हेच खरे ॲव्हरेज. कंपनीच्या जाहिरातीतील आकडा सपाट, रिकाम्या, ठरावीक परिस्थितीतील चाचणीचा असतो. त्यात वालगाव रोडवरचा उडणारा फुफाटा नसतो आणि मागच्या सीटवर आजी नसते. तीन महिने हा प्रयोग केलात तर टायरमध्ये हवा कमी असताना, चेन कोरडी असताना, एअर फिल्टर धुळीने भरलेला असताना आकडा कसा उतरतो, हे तुम्हांला कोणी शिकवावे लागणार नाही.

वेगाचे गणितही सांगून टाकतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 50 वरून 80 वर गेलात तर वेग 1.6 पट झाला, पण हवा तुम्हांला अडीच पटींहून अधिक जोराने मागे ढकलू लागली. तो जोर पेट्रोलातूनच काढावा लागतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ ही सरकारी संस्था 1978 पासून हेच सांगत आहे की 45 ते 55 च्या वेगात गाडी 80 च्या तुलनेत 40 टक्क्यांपर्यंत अधिक अंतर जाते. आपल्या तरुणांना हे पटत नाही. 2022 च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान लोणी ते माना हा 75 किलोमीटरचा रस्ता 105 तास 33 मिनिटांत डांबरून जागतिक विक्रम झाला. वर्षानुवर्षे त्या रस्त्याने आपली हाडे आणि गाड्यांचे शॉकअप खिळखिळे केले होते. दर खड्ड्याला ब्रेक, मग पुन्हा गिअर, पुन्हा रेस, ह्यात किती तेल जळाले असेल! रस्ता गुळगुळीत झाला, तेव्हा तेल वाचायला हवे होते. पण वाचलेले तेल वेगात गेले. जो पूर्वी नाइलाजाने चाळीसने जाई, तो आता हौसेने नव्वदने जातो.

आता एका सवयीबद्दल मला जरा कडक शब्दांत बोलायचे आहे. उताराला गाडी न्यूट्रल करणे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला किंवा सेमाडोहमार्गे धारणीला गेलेल्या प्रत्येकाने हे पाहिले असेल. घाट उतरू लागला की चालक गिअर काढतो, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात, आणि 'पेट्रोल वाचलं' म्हणून अभिमानाने मागे वळून पाहतात. भाव वाढला की ही सवय वाढते. बाबांनो, गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन स्वतःच तिला आवरून धरते. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. लांबलचक उतारावर सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर पकडत नाही. मोटारीचे इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते, स्टिअरिंग जड होते, किल्ली काढली तर ते कुलूपबंद होते. आणि ज्यासाठी हा जिवाशी खेळ करायचा, ते पेट्रोल तरी वाचते काय? फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे पेट्रोल आपोआप तोडले जाते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र ते थोडे थोडे लागतच राहते. म्हणजे नव्या गाडीत न्यूट्रल करणारा जास्त पेट्रोल जाळतो. जुन्या कार्बोरेटरच्या दिवसांत बापाने शिकवलेली युक्ती मुलाने नव्या गाडीवर वापरू नये. इंजिन बंद करायचेच असेल तर रेल्वेच्या फाटकावर करावे. तेथे लोक ते करत नाहीत. धूर सोडत, हॉर्न वाजवत उभे राहतात.

रॉकेलचीही गोष्ट आहे. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि डिझेल-पेट्रोल महाग, असा फरक वर्षानुवर्षे राहिला, तेव्हा भेसळीचा धंदा फोफावला. कित्येक ऑटो पांढरा धूर ओकत फिरत, प्लग काळे पडत, आमच्या उस्ताद लोकांना काम मिळे आणि ऑटोवाल्याचे इंजिन वर्षाच्या आत बसे. ह्या धंद्याची मजल कुठवर गेली होती? 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. लिटरमागे वाचणाऱ्या पंचवीस-तीस रुपयांसाठी.

आता पालकहो, तुमच्या-आमच्या घरातल्या प्रश्नाकडे येतो. आमच्या शाळेत येणाऱ्या एका ऑटोत मी एकदा मुले मोजली. किती निघाली ते सांगत नाही. पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक, मागे फळीवर उलटी तोंडे करून बसलेली, दप्तरे बाहेर लटकलेली. परवाना तीन प्रवाशांचा असतो. मी चालकाला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, "मास्तरसाब, पेट्रोल वाहाडलं. भाडं वाहाडवलं तं पालक दुसरा ऑटो लावते. सीट वाहाडवली तं कोनी काही म्हनत नाही. मंग तुमीच सांगा, काय करा?"

मी त्याचा हिशेब मांडून पाहिला. समजा ऑटो लिटरला 25 किलोमीटर देतो आणि शाळेच्या दोन्ही वेळा मिळून रोज 30 किलोमीटर फिरतो. रोजचे 1.2 लिटर. पेट्रोल 20 रुपयांनी वाढले तर त्याचा रोजचा खर्च 24 रुपयांनी वाढला, महिन्याच्या 25 दिवसांचा 600 रुपयांनी. आठ मुले धरली तर प्रत्येकी 75 रुपये महिना, म्हणजे दिवसाला 3 रुपये. हे 3 रुपये आपण द्यायला तयार नसतो, म्हणून तो आणखी दोन मुले बसवतो. चूक कोणाची हे मी ठरवत नाही. पण वळणावर ऑटो कलंडला तर पुढच्या फळीवरचे मूल आधी रस्त्यावर पडते, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते मूल आपल्यापैकीच कोणाचे तरी आहे. ह्या जूनमध्ये ऑटो ठरवताना भाड्याआधी 'किती मुलं बसवणार?' हे विचारा. तीन-चार घरांनी मिळून विचारले तर चालकालाही बरे पडते. त्यालाही आपली गाडी कोंबून चालवण्याची हौस नसते.

आणि ज्या घरात एकच मोटारसायकल आहे आणि पेट्रोल एकाच फेरीला पुरते, तेथे ती फेरी कोणाची, हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. 2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एस.टी.चा संप होता. त्याच महिन्यांत पेट्रोल शंभरीच्या वर होते. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरकडील खेड्यांतून येणाऱ्या मुलांपुढे काळी-पिवळी किंवा घरची गाडी, एवढेच उरले. काळी-पिवळीचे भाडे वाढलेले. आमच्याकडे मुलगे येऊ लागले, कोणाच्या तरी मागे डबल सीट, ट्रिपल सीट बसून. मुली येईनाशा झाल्या. एका वडिलांना मी विचारायला गेलो. गृहस्थ सज्जन, मुलीवर जीव असणारे. म्हणाले, "सर, दोघांना पाठवणं परवडत नाही. तो दहावीला आहे." ती नववीला होती आणि वर्गात त्याच्यापेक्षा हुशार होती. तिच्या वडिलांना मी दोष देत नाही, कारण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण पेट्रोल वाढल्यावर कोणाची फेरी कापली जाते, हे कोणत्याही पंपाच्या फलकावर लिहिलेले नसते, म्हणून मी ते येथे उभा राहून सांगतो आहे. संप मिटल्यावर ती मुलगी परत आली. काही आल्या नाहीत.

जुन्या मंडळींना येथे शकुंतला आठवली असेल. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूरहून अचलपूर अशी धावणारी आपली छोटी गाडी. मँचेस्टरला 1921 साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत चालले, मग डिझेल इंजिन आले, आणि पुढे गाडीच थांबली. ती संथ होती, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते असे लोक थट्टेने म्हणत. पण तिचे भाडे मजुराला परवडत होते, आणि तेलाचा भाव तिच्या प्रवाशाला रोज सकाळी विचारावा लागत नव्हता. ती थांबली तेव्हा तिच्या वाटेवरच्या गावांतील प्रत्येक घराला मोटारसायकल ही चैन न राहता गरज झाली. देशात 2010-11 साली पेट्रोलचा खप सुमारे 1 कोटी 42 लाख टन होता, 2023-24 साली तो 3 कोटी 72 लाख टनांवर गेला. भाव दुप्पट झाला आणि खपही अडीच पटींहून अधिक झाला. लोक उधळे झाले म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. माणसे वाढली, मिळकत थोडी वाढली, आणि ज्या गावाला गाडी किंवा बस नाही तेथला माणूस दुचाकी घेणारच.

म्हणून मला सामायिक प्रवासाचे महत्त्व वाटते. आम्ही मास्तर लोक चौघे मिळून एक मोटार करतो. अमरावती-अकोला जाऊन-येऊन साधारण 200 किलोमीटर. मोटारीने लिटरला 16 दिले तर साडेबारा लिटर, वरच्याच भावाने 1250 रुपये, माणशी 312 रुपये 50 पैसे. एकट्याला न झेपणारे चौघांना झेपते. बडनेऱ्यावरून रेल्वेचा मासिक पास काढणाऱ्याला ते याहून पुष्कळ स्वस्त पडते, फक्त वेळापत्रक आपल्या घड्याळाशी जुळावे लागते.

विजेच्या गाड्यांबद्दल तरुण विचारतात. विजेची स्कूटर 100 किलोमीटरला सुमारे 3 युनिट घेते, म्हणजे चालवण्याचा खर्च पेट्रोलच्या मानाने फारच थोडा. पण विकत घेताना पैसे जास्त, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आणि आपल्याकडील 45 अंशांच्या उन्हात ती सावलीत उभी करावी लागते. रोज 30-40 किलोमीटर फिरणाऱ्याने हिशेब करून घ्यावी. आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्याने घाई करू नये. डिझेल मोटारींची गोष्ट मघाशी सांगितलीच आहे.

सायकलीबद्दल बोललो तर मुले हसतात, तरी बोलतो. तीन किलोमीटरच्या आत शाळा असेल तर सायकल हेच वाहन. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बसगाड्याही त्याच कार्यक्रमाच्या. आपला तालुका त्यात आहे काय, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात समजते.

आणि पास. 2021 च्या ऑक्टोबरात एस.टी.चे भाडे 17 टक्क्यांवर वाढले, 2025 च्या जानेवारीत जवळजवळ 15 टक्क्यांनी. डिझेल वाढले की भाडे वाढणार, त्याला इलाज नाही. पण विद्यार्थ्याला मासिक पासात भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तोही नाही, आणि मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आहे, म्हणजे मुलीला कॉलेजात सोडायला जाणाऱ्या आईचाही खर्च निम्मा. गेल्या काही वर्षांत मी पाहिले की मुलींच्या पासाचे कागद घरी तसेच पडलेले असतात. कोणाला बोनाफाईड मिळाले नाही, कोणाला डेपोत दोन खेपा घालायला सवड झाली नाही. 2024 च्या जूनपासून एस.टी.ने पास शाळेतच देण्याची सोय सुरू केली आहे. मुख्याध्यापकांनी यादी द्यावयाची असते. तेव्हा ज्यांची मुले-मुली बाहेरगावाहून येतात, त्यांनी शाळा उघडण्याच्या पहिल्याच आठवड्यात नाव, गाव आणि थांबा कार्यालयात लिहून द्यावा. यादी करायला मी आणि माझे दोन सहकारी बसणार आहोत. आता ज्यांना विचारायचे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर डाव्या हाताच्या व्हरांड्यात भेटावे.